राखण्याची किंमत

दिंडोशीच्या मेट्रो स्थानकापासून पायी अंतरावर राहणारे एक व्यापारी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. दोन भावांचे मालाडला भांड्यांचे एकच दुकान आहे, एकाच इमारतीत वरखाली दोन सदनिका आहेत, आणि दोघांच्या मुलांनी इमारतीतील मित्रांना बरोबर घेऊन फुटबॉलची एक फॅन्टसी लीग चालविली आहे. खेळणारे एकूण आठ. शनिवारी सायंकाळी इंग्लंडमधील प्रीमियर लीगचे सामने सुरू झाले की घरातील वडीलधाऱ्यांना मुलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो. खेळ निरुपद्रवी आहे, पैशाचा व्यवहार त्यात नाही, म्हणून कोणी आक्षेपही घेत नाही.

मात्र जुलै महिन्यात या खेळाने घरात अबोला आणला. थोरल्याचा मुलगा आणि धाकट्याचा मुलगा एकमेकांशी बोलेनासे झाले. रविवारी दोघेही दुकानात मदतीला आले, तेव्हा एक गल्ल्याजवळ बसला आणि दुसरा मुद्दाम मागच्या गोदामात काम शोधत राहिला. दुकान दोन भावांचे, आणि पुढे ते याच दोघांचे व्हायचे. त्यामुळे आजोबांनी हा अबोला मुलांचा पोरखेळ म्हणून सोडून दिला नाही.

वाद असा होता. या लीगमध्ये प्रत्येकाला हंगामाच्या आरंभी २०० गुण मिळतात. त्या गुणांतून लिलाव करून प्रत्येकाने प्रीमियर लीगमधील १५ खऱ्या खेळाडूंचा आपला संघ बांधायचा. तो खेळाडू प्रत्यक्ष सामन्यात गोल करील, गोलला साहाय्य करील किंवा त्याचा संघ गोल खाणार नाही, त्या मानाने त्याच्या काल्पनिक मालकाच्या खात्यात गुण जमा होतात. ऑगस्ट ते मे असा हा हिशेब चालतो. मागील ऑगस्टच्या लिलावात धाकट्या भावाच्या मुलाने एक अपरिचित, कोवळा खेळाडू अवघ्या ४ गुणांना घेतला होता. त्या वेळी इतर सात जण हसले होते. मे महिना येईपर्यंत तोच खेळाडू लीगमधील पहिल्या चारपाचांत गणला जाऊ लागला. नव्या लिलावात त्याला ५० गुणांचा भाव सहज आला असता. धाकट्याचे म्हणणे, ‘मी पारखून घेतलेला खेळाडू पुढील हंगामातही माझाच, आणि तोही ४ गुणांनाच.’ थोरल्याचे म्हणणे, ‘नवा हंगाम म्हणजे नवा लिलाव, सर्वांची पाटी कोरी.’

आजोबांनी दोघांचे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘हा नियम तुम्ही कोणत्या दिवशी केला?’ दोघेही गप्प राहिले, कारण नियम कोणीच केला नव्हता. खेळ सुरू करताना हंगाम संपल्यावर काय होईल याचा विचार कोणाच्या मनाला शिवलाही नव्हता.

हा प्रश्न किती जुना आहे

एका हंगामातून दुसऱ्या हंगामात खेळाडू कोणत्या अटीवर राखायचा, हा प्रश्न या मुलांपुरता नाही. फॅन्टसी खेळाचे मूळ अमेरिकेत आहे. ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या हॉटेलमुक्कामात काही सोबत्यांसह या खेळाचे नियम आखले आणि १९६३ साली ओकलंडमध्ये पहिली लीग भरली. पुढे १९८० साली डॅनियल ओक्रेंट या पत्रकाराने बेसबॉलसाठी लिलावाची पद्धत रूढ केली. प्रत्येकाला २६० डॉलरची काल्पनिक थैली आणि २३ खेळाडू, अशी ती रचना होती. त्या मंडळींनी राखण्याचा नियम आरंभीच विचारात घेतला. स्वस्तात मिळालेला खेळाडू काही काळ जुन्या भावाने राखता येई. परंतु त्यापुढे दीर्घ मुदतीचा करार करायचा झाल्यास प्रत्येक वाढीव वर्षामागे भाव ५ डॉलरने चढत असे. पारखणाऱ्याला त्याच्या पारखीचे फळ मिळे, पण ते कायमचे नसे.

याउलट, प्रीमियर लीगचा स्वतःचा अधिकृत फॅन्टसी खेळ दरवर्षी सर्वांना नव्याने आरंभ करावयास लावतो. १० कोटी पौंडांची काल्पनिक थैली, १५ खेळाडू, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन, आणि मागील हंगामातील काहीही पुढे येत नाही. मात्र हंगामाच्या आत तेथेही एक मार्मिक तरतूद आहे. घेतलेल्या खेळाडूचा भाव वाढला आणि तो विकला, तर वाढीचा निम्माच भाग विकणाऱ्याला मिळतो. ही तरतूद पुढे दिंडोशीच्या घरात उपयोगी पडली.

मुंबईच्या संघाची वही

राखण्याच्या नियमाचे सर्वांत मोठे आणि उघड उदाहरण मात्र परदेशात शोधण्याची आवश्यकता नाही. वानखेडे मैदानावर खेळणाऱ्या मुंबई इंडियन्सच्या गेल्या काही वर्षांच्या जमाखर्चात ते सापडते. आयपीएलमधील लिलाव काल्पनिक गुणांचा नसून कोट्यवधी रुपयांचा असतो, परंतु प्रश्न तोच. कोणाला राखावे, किती जणांना राखावे, आणि त्याची किंमत काय?

२००८ च्या पहिल्या लिलावाआधीच काही संघांना आपल्या शहराचा एक ‘आयकॉन’ खेळाडू देण्यात आला. मुंबईला सचिन तेंडुलकर मिळाला. त्याला संघातील इतर सर्वांत महागड्या खेळाडूहून १५ टक्के अधिक मानधन द्यावयाचे, अशी अट होती. म्हणजे लिलाव न होताही खेळाडू फुकट मिळत नव्हता. हैदराबादच्या संघात व्ही. व्ही. एस. लक्ष्मण याने हा मान आपणहून सोडला, जेणेकरून संघाला लिलावात अधिक रक्कम मोकळी मिळावी. एकाला राखण्यासाठी अडकलेले भांडवल इतरांच्या खरेदीतून वजा होते, हे त्याने पहिल्याच वर्षी ओळखले होते.

त्यानंतर २०११, २०१४, २०१८, २०२२ आणि २०२५ च्या हंगामांसाठी मोठे लिलाव झाले. मधल्या वर्षांत संघ हव्या तितक्या खेळाडूंना आहे त्या करारावर राखू शकतात. मोठ्या लिलावापूर्वी मात्र राखण्याला संख्येची मर्यादा आणि ठरलेला भाव असतो. २०११ मध्ये चार खेळाडू राखता येत होते आणि चौघांचे मिळून ९० लाख डॉलरच्या थैलीतून ४५ लाख डॉलर, म्हणजे नेमकी निम्मी रक्कम, वजा होत असे. मुंबईने तेंडुलकर, हरभजन सिंग, पोलार्ड व मलिंगा यांना राखले. २०१४ मध्ये पाच खेळाडूंसाठी ६० कोटींपैकी ३९ कोटी, २०१८ मध्ये तीन खेळाडूंसाठी ८० कोटींपैकी ३३ कोटी, आणि २०२२ मध्ये चार खेळाडूंसाठी ९० कोटींपैकी ४२ कोटी, असे प्रमाण होते.

या आकड्यांत जसप्रीत बुमराहची ओळ वाचण्यासारखी आहे. मुंबईने त्याला २०१८ साठी ७ कोटींना, २०२२ साठी १२ कोटींना आणि २०२५ साठी १८ कोटींना राखले. खेळाडू तोच आणि संघही तोच. तरीही राखण्याची किंमत प्रत्येक वेळी चढत गेली आणि प्रत्येक वेळी संघचालकांना ‘अजूनही परवडते काय’ हा प्रश्न नव्याने सोडवावा लागला. जुन्या भावाने वर्षानुवर्षे राखण्याची मुभा असती, तर हा प्रश्न कधी उभाच राहिला नसता.

२०२५ च्या नियमांत एक सूक्ष्म बाब आहे, जी हिशेब ठेवणाऱ्या माणसाला विशेष आवडावी. थैली १२० कोटींची होती. आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या पहिल्या पाच राखीव खेळाडूंसाठी १८, १४, ११, १८ आणि १४ असे मिळून ७५ कोटी ठरविले होते. चौथ्या खेळाडूचा भाव पुन्हा १८ वर का चढला, याचे कारण उघड आहे. तीन खेळाडूंपर्यंत राखणे सुलभ असावे, आणि त्यापुढे मोह धरणाऱ्याने तो जड किंमत मोजून धरावा, असा त्यामागील विचार दिसतो. ही एकूण रक्कम आपसांत कशी वाटायची याचे स्वातंत्र्य संघाला होते. मुंबईने बुमराहला १८ कोटी, हार्दिक पंड्या व सूर्यकुमार यादव यांना प्रत्येकी १६.३५ कोटी, रोहित शर्माला १६.३० कोटी आणि तिलक वर्माला ८ कोटी दिले. बेरीज बरोबर ७५ कोटी येते. उरलेल्या ४५ कोटींत संघाची बाकी सर्व जुळणी करायची होती.

कमी मानधन देऊन थैली वाचविण्याची वाटही नियमाने बंद केली होती. प्रत्यक्ष दिलेली रक्कम आणि नियमात ठरलेली रक्कम यांपैकी जी अधिक, ती थैलीतून वजा होत असे. कोलकाता संघाने सहा खेळाडूंना मिळून ५७ कोटी दिले, तरी त्याच्या थैलीतून ६९ कोटी कमी झाले आणि हाती ५१ कोटी उरले.

राखणे आणि सोडणे

राखणारा नेहमीच शहाणा ठरतो असे नाही. सोडणाऱ्यालाही तोच न्याय लागू आहे. कोलकात्याच्याच दोन नोंदी पाहाव्यात. २०११ च्या लिलावापूर्वी या संघाने एकाही खेळाडूला राखले नाही, थैली पूर्ण मोकळी ठेवली, गौतम गंभीरला २४ लाख डॉलरला घेतले आणि पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, विजेतेपद मिळविले. २०२४ मध्ये पुन्हा विजेता ठरल्यावर त्याच संघाने सहा खेळाडू राखले, पण विजयी कर्णधार श्रेयस अय्यर त्या सहांत नव्हता. २०२५ मध्ये संघ आठव्या क्रमांकावर घसरला.

मुंबईचा हा फलंदाज पंजाबने २६.७५ कोटींना घेतला. पंजाबने केवळ दोन खेळाडू राखले होते, तेही आंतरराष्ट्रीय अनुभव नसलेले, आणि ११०.५ कोटींची थैली घेऊन लिलावात प्रवेश केला होता. तो संघ २०२५ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला व ३ जून रोजी बंगळूरुकडून अवघ्या ६ धावांनी हरला. त्याआधीच्या सामन्यात त्याने हरविलेला संघ होता मुंबई, म्हणजे पाच मोठे खेळाडू राखणारा. २०२४ मध्ये मुंबई दहाव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर होती. तेच मुख्य खेळाडू राखून ती एका वर्षात अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत आली. एकाने जवळजवळ सर्व काही सोडले, दुसऱ्याने शक्य तितके राखले, आणि दोघेही स्पर्धेच्या अखेरच्या आठवड्यात एकमेकांसमोर उभे होते.

राखण्याचा नियम चांगला की वाईट, हे ठरविण्याची कसोटी येथे मिळते. ज्या नियमात राखणे आणि सोडणे या दोन्ही गोष्टी विचारी माणसाला करण्याजोग्या वाटतात, तो नियम चांगला. राखणे इतके स्वस्त केले की सोडण्याचा प्रश्नच उरत नाही, तर पहिल्या लिलावात नशीब फळलेला माणूस कायमचा श्रीमंत होतो. राखणे इतके महाग केले की कोणी राखतच नाही, तर पारख करण्यात आणि कोवळ्या खेळाडूवर विश्वास ठेवण्यात काही अर्थ उरत नाही.

आयपीएलमध्ये ‘राइट टू मॅच’ नावाची आणखी एक वाट आहे. खेळाडू लिलावात जातो, बोली लागते, आणि शेवटच्या बोलीइतकी रक्कम देण्यास जुना संघ तयार असेल तर खेळाडू त्याच्याकडे परततो. २०२५ च्या लिलावात यात एक भर पडली. जुन्या संघाने हक्क बजावल्यावर शेवटची बोली लावणाऱ्याला आणखी एकदा हवी तेवढी वाढ करण्याची संधी मिळाली, आणि ती रक्कम दिली तरच जुन्या संघाला खेळाडू परत मिळे. या पद्धतीत किंमत पूर्णतः बाजार ठरवितो. जुन्या मालकाला केवळ अग्रहक्क मिळतो, नफा मिळत नाही. कबड्डीच्या प्रो लीगमध्येही अंतिम बोलीची बरोबरी करून खेळाडू राखण्याची अशीच सोय आहे.

खेळाडूच्या बाजूने

खऱ्या खेळात आणि काल्पनिक खेळात एक मोठा भेद आहे, तो विसरता कामा नये. काल्पनिक संघात राखला जाणारा खेळाडू हे केवळ नाव असते. खऱ्या संघात तो माणूस असतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये १८९३ पासून ‘राखा आणि हस्तांतरित करा’ अशी पद्धत चालत होती. करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी आपल्याकडे अडवून ठेवू शकत असे. त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. जॉर्ज ईस्टहॅम हा न्यूकॅसलचा खेळाडू क्लब सोडू इच्छीत होता, क्लब सोडत नव्हता. त्याने काही महिने खेळ थांबवून दुसरी नोकरी पत्करली आणि अखेर न्यायालयाची पायरी चढली. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही अडवणूक व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध असल्याचा निर्णय दिला. पुढे १९९५ साली बोसमन या बेल्जियन खेळाडूच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातील देशांत हस्तांतरणशुल्काविना क्लब बदलण्याचा मार्ग मोकळा केला.

कोणत्याही पेढीने यातून बोध घ्यावा असे बरेच आहे. विश्वासू मुनीम किंवा कसबी कारागीर वर्षानुवर्षे टिकतो तो त्याला जाण्याची मुभा नसते म्हणून नव्हे. दरवर्षी त्याचे मोल नव्याने ओळखले जाते, पगारात आणि वागणुकीतही, म्हणून तो टिकतो. जुन्या पगारावर जुना माणूस राखू पाहणारी पेढी त्याला दिवाळीपर्यंत राखते. पाडव्याला तो समोरच्या दुकानात दिसतो.

पैशाविषयी एक शब्द

दिंडोशीच्या त्या लीगमध्ये एका मित्राने सुचविले होते की प्रत्येकाने काही रक्कम घालावी, म्हणजे वाद होणार नाहीत, सर्वजण गंभीरपणे खेळतील. घरातील वडिलांनी हे तत्काळ नाकारले, आणि ते योग्यच झाले. फॅन्टसी खेळांचा मोठा व्यवसाय भारतात उभा राहिला, त्यातील अग्रगण्य ड्रीम११ ही कंपनी हर्ष जैन व भावित शेठ यांनी २००८ साली मुंबईतच सुरू केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला, २२ ऑगस्ट रोजी त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली, आणि पैसे लावून खेळविल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी आली. अशा कंपन्यांनी आपल्या सशुल्क स्पर्धा बंद केल्या.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. एका सामन्यापुरता संघ बनवून रक्कम लावणे आणि वर्षानुवर्षे चालणारा संघ सांभाळणे यांत सट्टा आणि दुकान यांच्याइतके अंतर आहे. एका रात्रीच्या खेळाला स्मरण नसते. सकाळी सारे पुसले जाते. राखण्याचा नियम असलेल्या लीगमध्ये मात्र अखेरची शिल्लक पुढील वर्षाची आरंभीची शिल्लक होते, आणि या वर्षीच्या उतावळेपणाचा परिणाम पुढच्या वर्षी भोगावा लागतो. मुलांना हिशेबाची सवय लावायची असेल तर दुसऱ्या प्रकारचा खेळ बरा, आणि तो बिनपैशाचा असेल तरच बरा.

वहीत उतरलेले नियम

आजोबांनी निवाडा दिला नाही. त्यांनी एक कोरी वही दिली आणि आठही जणांनी मिळून नियम लिहावेत असे सांगितले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. जे नियम ठरले, ते अशा कोणत्याही घरगुती लीगला उपयोगी पडावेत.

पहिला नियम संख्येचा. एका संघाला तीनपेक्षा अधिक खेळाडू राखता येणार नाहीत. पंधरापैकी तीन, म्हणजे पाचवा हिस्सा. उरलेले बारा प्रत्येकाने नव्या लिलावातूनच घ्यायचे.

दुसरा नियम किमतीचा. राखलेल्या खेळाडूचा भाव मागील भावाहून १० गुणांनी अधिक, आणि ते गुण लिलावापूर्वीच २०० तून वजा. ४ ला घेतलेला खेळाडू दुसऱ्या वर्षी १४ ला, तिसऱ्या वर्षी २४ ला पडेल. बाजारात त्याची किंमत ५० धरली, तर राखणाऱ्याचा लाभ दुसऱ्या वर्षी ३६ व तिसऱ्या वर्षी २६ गुणांचा. जुन्या भावाने राखला असता तर हाच लाभ ४६, म्हणजे संपूर्ण थैलीच्या २३ टक्के झाला असता, आणि तो दरवर्षी. या नियमाचा आणखी एक गुण असा की ७० गुणांना घेतलेला नामांकित खेळाडू ८० ला राखावासा सहसा कोणाला वाटत नाही. राखण्याचा लाभ खरेदी करणाऱ्याला नव्हे, तर पारखणाऱ्याला मिळतो.

तिसरा नियम मुदतीचा. कोणताही खेळाडू सलग तीन हंगामांहून अधिक एका संघात राहणार नाही. त्यानंतर तो लिलावात येईल. खेळाडू प्रीमियर लीग सोडून गेला तर त्याच्यावरील हक्क संपेल आणि त्याबद्दल भरपाई मिळणार नाही. हंगामाच्या मध्ये लिलावाविना संघात घेतलेल्या खेळाडूचा मूळ भाव ५ गुण धरावा.

चौथा नियम तारखेचा. राखावयाच्या नावांची यादी ३१ जुलैपर्यंत बंद पाकिटात द्यायची आणि सर्व पाकिटे एकाच वेळी उघडायची. इतरांच्या याद्या पाहून आपली यादी ठरविण्याला त्यामुळे वाव राहत नाही.

पाचवा नियम अदलाबदलीचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. समजा, मार्च महिन्यात तळाला असलेल्या संघाला या वर्षी आशा उरलेली नाही. तो आपला महागडा खेळाडू अग्रभागी असलेल्या संघाला देतो आणि त्याच्याकडून दोन स्वस्त, कोवळे खेळाडू पुढील वर्षासाठी घेतो. दोघांचाही फायदा होतो. नुकसान होते ते प्रामाणिकपणे खेळणाऱ्या इतर सहा जणांचे. दिवाळे निघण्याच्या बेतात असलेल्या पेढीने आपला माल एकाच मर्जीतल्या धनकोला देऊन टाकावा, तसाच हा प्रकार. म्हणून ३१ जानेवारीनंतर अदलाबदल बंद.

सहावा नियम नियमांविषयीचा. बदलासाठी आठपैकी सहा मते लागतील, आणि झालेला बदल लगेचच्या लिलावाला लागू न होता त्यापुढील लिलावापासून लागू होईल. ज्याला त्या बदलाचा फायदा होणार आहे तो कोण, हे मत देताना कोणालाच नक्की ठाऊक नसावे, हा त्यामागील हेतू. आयपीएलमध्ये पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला नवोदितांच्या भावात राखण्याची जुनी तरतूद २०२५ साठी पुन्हा आणली गेली आणि चेन्नईने महेंद्रसिंग धोनीला ४ कोटींना राखले, तेव्हा हा नियम एकासाठीच आणला काय, अशी चर्चा झाली. नियम निर्दोष असला तरी त्याची वेळ संशय निर्माण करू शकते. घरगुती लीगमध्ये असा संशय नात्यांपर्यंत पोहोचतो.

आणि अखेरीस, विजेत्याला फिरती ढाल. जिंकणाऱ्यानेच सर्वांना जैन पावभाजी द्यायची.

उरलेला एक खेळाडू

नियम झाले, पण ते पुढच्यासाठी. ज्याच्यावरून वाद सुरू झाला त्या ४ गुणांच्या खेळाडूचे काय? नवा नियम मागील व्यवहाराला लावणे योग्य नव्हते. धाकट्यापाशी राखण्याचा हक्क देणारा नियम नव्हता आणि थोरल्यापाशी तो नाकारणारा नियम नव्हता. या ठिकाणी वाढीचा निम्मा हिस्सा ही तरतूद कामी आली. ठरले असे की खेळाडू लिलावात जाईल. बोली जेथे थांबेल, तेथून जुन्या भावापर्यंतच्या फरकाचा निम्मा भाग अधिक देऊन धाकट्याला तो राखता येईल. त्याने नाकारल्यास शेवटची बोली लावणाऱ्याला तो पूर्ण भावाने घ्यावा लागेल. या शेवटच्या अटीमुळे केवळ भाव चढविण्यासाठी बोली लावण्याचा मोह आपोआप आवरला गेला.

ऑगस्टमधील लिलावात थोरला ५२ गुणांपर्यंत गेला आणि थांबला. जुना भाव ४, फरक ४८, त्याचा निम्मा भाग २४. म्हणजे धाकट्याला खेळाडू २८ गुणांना पडला. त्याने थोडा विचार केला आणि होकार दिला. बाकीच्या चौदा खेळाडूंसाठी त्याच्याकडे १७२ गुण उरले, आणि पुढील वर्षी हाच खेळाडू राखायचा झाल्यास ३८ मोजावे लागतील, हे त्याने स्वतःच वहीत लिहिले. थोरल्याने ती बेरीज तपासली व खाली सही केली.

त्या रविवारी दुकानात दोघेही गल्ल्याजवळ होते. खेळाडू कोणाचा हा प्रश्न संपला होता. आता पुढील वर्षी तो ३८ ला परवडेल काय, यावर दोघांचा वाद चालला होता, आणि हा वाद आजोबांनी मिटविला नाही.